कागद कानडीत, एजंट आपला: बेळगावात प्लॉट घेताना विश्वास कुठे ठेवायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरीला आहेत, आईवडील अनगोळात. निवृत्तीच्या पैशातून वडिलांना मच्छे-पिरनवाडीच्या बाजूला ३० बाय ४० चा प्लॉट घ्यायचा आहे. एजंट वडिलांच्या मित्राचा मुलगा. त्याने सांगितलंय की सोमवारी गोव्याची पार्टी येणार आहे, त्याआधी दोन लाख रोख संचकार (म्हणजे इसार) द्या. कागद मागितल्यावर तो म्हणाला, "काका, माझ्यावर विश्वास नाही होय? कागद सगळे कानडीत आहेत, मी वाचून सांगतो की." वडील संकोचून गप्प बसले. ताईंनी विचारलं आहे की अशा एजंटवर विश्वास ठेवावा का, आणि कागद मागणं म्हणजे खरंच त्याचा अपमान होतो का.

मी स्वतः एजंट आहे. शहापुरात माझं छोटं ऑफिस आहे आणि बेळगाव-खानापूर भागात २७ वर्षं हेच काम करतो. त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: अपमान होत नाही. माझ्याकडे येणाऱ्याने उतारा, ई.सी. (त्या जागेच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांचा दाखला) आणि मूळ खरेदीखत मागितलं की मला बरं वाटतं, कारण उद्या भानगड निघाली तर "तुम्ही सांगितलं म्हणून घेतलं" हे माझ्या माथी येत नाही. ज्याला कागद दाखवायला जड जातं, त्याची अडचण कागदात तरी असते किंवा भावात तरी.

भावातली अडचण आधी सांगतो, कारण ती बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्याकडे कमिशन साधारण एक ते दोन टक्के, दोन्ही बाजूंकडून. हे उघड कमिशन. पण पुष्कळ व्यवहार "नेट"वर चालतात. मालक एजंटला सांगतो, "मला हातात अठरा लाख दे, वरचे तुझे." एजंट तुम्हाला बावीस सांगतो. मग तो तुमची आणि मालकाची गाठ खरेदीच्या दिवसापर्यंत पडू देत नाही, सर्वे नंबर सांगत नाही आणि कागदांच्या झेरॉक्स देत नाही, कारण त्यावर मालकाचं नाव असतं. कधी एकाच प्लॉटमागे तीन-तीन एजंटांची साखळी असते, आणि तुमच्याशी बोलणाऱ्याने मूळ मालकाला कधी पाहिलेलंही नसतं. तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला खरं माहीतच नसतं, आणि ते कबूल करायची लाज वाटते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिऱ्हाइकंही आम्हाला फसवतात. जागा दाखवली, मालकाचं नाव कळलं, की परस्पर मालकाकडे जाऊन व्यवहार करतात आणि रस्त्यात भेटलो की तोंड फिरवतात. पेट्रोल आमचं, महिनोन्महिने फेऱ्या आमच्या. म्हणून बरेच प्रामाणिक एजंटसुद्धा कागद हातचे राखून ठेवतात. यावर साधा इलाज आहे: पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्या की अमुक जागा तुम्ही दाखवली, व्यवहार झाला तर तुम्हाला इतके टक्के, तेही खरेदीच्या दिवशी चेकने देऊ. त्याखाली त्याच्याकडूनही लिहून घ्या की विकणाऱ्याकडून तो काय घेणार आहे आणि भावात वरचे काही ठेवलेले नाही. मी हा कागद गेली कित्येक वर्षं वापरतो. त्यावर सही करणाऱ्या एजंटला कागद लपवायचं कारणच उरत नाही. सही टाळली तर का टाळतो ते त्याला तिथल्या तिथे विचारा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे "कागद कानडीत आहेत, मी वाचून सांगतो" या वाक्याकडे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणसाची जितकी फसवणूक मी पाहिली, तिच्यातली निम्म्याहून अधिक या एका वाक्यातून सुरू झालेली आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. त्या काळची खरेदीखतं, वाटण्या आजही घराघरांतल्या ट्रंकेत मराठीत सापडतात, काही मोडीतही. आजोबांना त्यांचा कागद स्वतः वाचता येत होता. नातवाला स्वतःच्या घराचा कागद वाचता येत नाही, कारण उतारा, नोंदणी, पंचायतीचा खाता (म्हणजे मिळकत कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद) सगळं कानडीत. भाषेचा वाद त्याच्या जागी राहू दे, त्यावर माझं मत वेगळं सांगायला नको. पण पंचवीस लाख देताना ती भाषा वाचता येत नसेल तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावं लागतं, आणि ते डोळे त्याच माणसाचे असू नयेत ज्याला व्यवहार झाला तरच पैसे मिळणार आहेत. तो मराठी आहे, आपल्या गल्लीतला आहे, मंडळाच्या गणपतीची वर्गणी काढतो, यानं काही फरक पडत नाही. उलट "आपलाच पोरगा" म्हटलं की आपण विचारायचे प्रश्न गिळतो.

हे मी अनुभवातून बोलतो. धंद्यात पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बसवर ड्रायव्हर असलेल्या एका गृहस्थांना मी वडगावच्या पलीकडचा प्लॉट दाखवला. विकणाऱ्याच्या एजंटने मला उतारा दिला होता. माझं कानडी तेव्हा बाजारापुरतं, बोलायला बरं, वाचायला कच्चं. मालकाचं नाव जुळतंय एवढं पाहून मी सांगून टाकलं, "पेपर क्लिअर आहेत, बिनघोर घ्या." उताऱ्यात नावापुढे "जंटी" हा शब्द होता. म्हणजे सामाईक. विकणाऱ्याच्या दोन बहिणी, एक चंदगडला दिलेली, एक गडहिंग्लजला, दोघींच्या सह्या नव्हत्या. वर्षभरात कोर्टाची नोटीस आली. त्या माणसाने सोसायटीचं कर्ज काढून पैसे दिले होते. तडजोड होईपर्यंत सात वर्षं गेली आणि बहिणींना वेगळे पैसे मोजावे लागले. मी कमिशन परत केलं, पण त्याने काय होतंय. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच काळात होतं, तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. मी खोटं बोललो नव्हतो. न वाचता "क्लिअर" म्हणालो होतो, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. त्यानंतर मी रोज संध्याकाळी शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांकडे बसून वाचायला शिकलो.

शिकताना एक गोष्ट कळली. हे कागद आपण समजतो तितके परके नाहीत. लिपी ओलांडली की अर्धे शब्द आपलेच आहेत. वारसुदार म्हणजे वारसदार, तकरारु म्हणजे तक्रार, हक्कु म्हणजे हक्क. पहणी म्हणजे आपला उतारा. क्रयपत्र म्हणजे खरेदीखत. ऋण म्हणजे बोजा, अडमान म्हणजे गहाण, आणि जंटी म्हणजे एकट्याचं नव्हे. या सात-आठ शब्दांची कानडी अक्षरं एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि उताऱ्यावर बोट ठेवून शोधा. एक दुपार पुरते.

उताऱ्यात कुठे पाहायचं तेही सांगतो. रकाना ९ मध्ये कब्जेदाराचं नाव, १० मध्ये ती जमीन त्याच्याकडे कशी आली, म्हणजे खरेदी, वारसा, वाटणी, आणि फेरफाराचा नंबर. पण एजंट ज्यावरून झरकन बोट फिरवतो तो रकाना ११: इतर हक्क आणि ऋण. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा बोजा, कोर्टाची मनाई असं काही असेल तर ते इथे यायला हवं. जमीन इनामाची किंवा सरकारने दिलेली आहे का, हेही विचारा. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना मंजूर झालेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. कितीही हातांतून गेली असली तरी मूळ कुटुंबाला परत मागता येते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याला मुदतीचं बंधनही ठेवलेलं नाही. "तीस वर्षं झाली, आता कोण विचारतंय" असं म्हणणारा एजंट एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

उतारा कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' साइटवर घरबसल्या दिसतो. पुण्यात बसूनही ताई तो काढू शकतात, त्यासाठी लागतं ते गाव, सर्वे नंबर आणि हिस्सा. म्हणून एजंटकडे पहिली मागणी हीच करा. सर्वे नंबर सांगायला जो खळखळ करतो त्याला एक रुपयाही देऊ नका.

ई.सी. नोंदणी खात्याच्या 'कावेरी' साइटवर मिळते, ऑनलाइन साधारण २००४ पासूनची. त्याआधीची सब-रजिस्ट्रार कचेरीत अर्ज करून काढावी लागते, आणि तीस वर्षांची काढाच. व्यवहार असतील तर नमुना १५ येतो, काहीच नसेल तर नमुना १६. "ई.सी. निल आहे" हे एजंटचं आवडतं वाक्य. निल ई.सी. म्हणजे त्या काळात नोंदणी झालेला व्यवहार नाही, एवढंच. बहिणीचा हिस्सा त्यात दिसत नाही. चालू दावाही बहुधा दिसत नाही, आणि नोटरीकडे केलेला करार तर नाहीच. बहिणींच्या बाबतीत घोळ नको म्हणून सांगतो: कर्नाटकात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि २००५ ला वडील हयात असणं गरजेचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे जमीन वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याचा वंशवृक्ष मागा आणि त्यातली प्रत्येक बाई कुठे दिलीय ते विचारा. "ती काही मागत नाही हो, साडीचोळीवर खूश आहे" हे उत्तर चालत नाही. तिची सही चालते.

मच्छे, पिरनवाडी, कंग्राळी, हिंडलगा, सांबऱ्याच्या बाजूला "बाँडवरचे प्लॉट" फार आहेत. शेतजमिनीत चुना टाकून रस्ते आखायचे, एन.ए. (बिगरशेती परवानगी) नाही, बुडाची (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नाही, आणि शंभराच्या स्टँपवर नोटरी करून प्लॉट "विकायचा". भाव कमी असतो म्हणून गरीब माणूस तिथेच जातो, आणि एजंट सांगतो, "सगळ्यांनी असंच घेतलंय, पुढं सक्रम होणार," म्हणजे सरकार नियमित करून देणार. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होतच नाही, हा कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. मुखत्यारपत्रावर जागा नावावर होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं. बाँडवर घर बांधून वीस वर्षं राहिलेली माणसं मला माहीत आहेत. राहायला काही अडत नाही, अडतं ते कर्ज काढताना, विकताना आणि मुलांच्या नावावर करताना. तुमच्या वडिलांना दाखवलेला प्लॉट यातला नाही ना, हे पाहायला तीन कागद लागतील: जिल्हाधिकाऱ्यांचा एन.ए. आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि खाता. ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतींच्या ऑनलाइन मालमत्ता-नोंदीचा) नमुना ९ आणि ११ ए, शहरी हद्दीत असेल तर ई-खाता. नुसता "११ बी" पुढे केला तर थांबा, तो मंजुरी नसलेल्या मालमत्तेचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी हद्दीत ई-खात्याशिवाय नोंदणी होत नाही, त्यामुळे "खाता नंतर करून देतो" म्हणण्याला आता अर्थच राहिलेला नाही.

रेराबद्दल, म्हणजे बिल्डर आणि लेआउटवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेबद्दल, लोक विचारतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर नवीन लेआउट पाडून विकत असतील तर त्या लेआउटची आणि तो विकणाऱ्या एजंटचीही रेराकडे नोंदणी हवी. नंबर मागा आणि कर्नाटक रेराच्या साइटवर तपासा. अशा लेआउटमध्ये नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागता येत नाहीत. एखाद्याने स्वतःचा जुना एकटा प्लॉट विकायला काढला असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे एजंटकडे रेरा नंबर नसला म्हणून तो लबाड ठरत नाही.

रिंग रोड आणि हलगा-मच्छे बायपासच्या नावावर आमच्याकडे किती प्लॉट खपले असतील, गणती नाही. रस्ता शेजारून जाणार म्हटलं की भाव वाढवायचा, आणि तोच रस्ता प्लॉटमधून जाणार असेल तर तोंड बंद ठेवायचं. भूसंपादनाच्या अधिसूचनेत सर्वे नंबर छापलेले असतात. सर्वे नंबर हातात असला की तेही पडताळता येतं.

आता त्या दोन लाख रोखीबद्दल. आयकर कायद्याप्रमाणे स्थावर व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आगाऊ रक्कमसुद्धा. शिवाय पैसे कोणाला देताय ते पाहा. एजंटला दिलेला संचकार हा मालकाला दिलेला संचकार नसतो. मालकाच्या नावाचा चेक, मालकाच्या सहीचा करार, त्यात मुदत, आणि कागदात दोष निघाला तर पैसे परत, हे वाक्य. करार कानडीत असला तर आपल्या माणसाकडून मराठीत वाचून घ्या आणि "मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला" असं शेवटी लिहून घ्या. खरेदीच्या खर्चाचंही तसंच. "स्टँप, फी, वकील, कचेरी सगळं मिळून अमुक द्या, मी बघतो" असं म्हटलं की हिशोब बुडाला. स्टँप पाच टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि नोंदणी फी ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून एकची दोन टक्के झालीय. सरकारी पैशाची पावती येते. ती मागा. उरलेलं कशासाठी, ते त्याला तोंडावर विचारा.

वकील तुमचा तुम्ही शोधा. एजंटने दिलेला वकील वाईटच असतो असं नाही, पण त्याला पुढची दहा कामं तुम्ही देणार नाही, एजंट देणार आहे. तीस वर्षांचे कागद पाहून लेखी अहवाल देणारा वकील हवा, फोनवर "ठीक आहे" म्हणणारा नको. त्याच्यामार्फत एक मराठी आणि एक कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या. दूरची भावकी तिथे जागी होते, खरेदीनंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

आणि प्लॉटवर एकटे जा, एजंटशिवाय. शेजारच्या शेतात भांगलणाऱ्या बाईला विचारा, ही जमीन कोणाची, भाऊ किती, भांडण आहे काय. मला सगळ्यात खरी माहिती नेहमी बांधावर मिळालेली आहे. खानापूरकडच्या एका जमिनीचे सगळे कागद स्वच्छ होते. बांधावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं, "वाट कुठनं घेणार तुम्ही? ही वाट आमची हाय." वाट खरंच नव्हती. व्यवहार तिथेच सोडला.

मित्राच्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंय. तो लबाड आहे असं मी म्हणणार नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. नव्या पोरांना वरचा एजंट रोज फोन करून दम देतो, आणि "गोव्याची पार्टी" बहुतेक वेळा तिथून आलेली असते. मी या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण दोन दिवस थांबल्यामुळे हातची गेली म्हणून रडावं अशी जागा मोजून दोन-तीन वेळा पाहिली. घाईत घेऊन रडणारे दर महिन्याला ऑफिसात येतात.

वडिलांना तोंडावर बोलायचा संकोच वाटत असेल तर तो तुम्ही स्वतःवर घ्या. आमच्याकडे हे चालतं, कुणाला राग येत नाही. वडिलांनी फोन करून एवढंच म्हणायचं: "बाळ, पैसे पोरीच्या खात्यातनं येणार आहेत, तिला सर्वे नंबर, उतारा, एन.ए. ऑर्डर आणि खाता व्हॉट्सॲपवर पाठव. तिनं वकिलाला दाखवलं की मालकाच्या नावाचा चेक देऊया. तुझे दोन टक्के आत्ताच लिहून देतो, घरी ये चहाला." पैसे खरोखर तुमच्या खात्यात वळते करून घ्या, म्हणजे वडिलांना खोटं बोलावं लागणार नाही. रविवार संध्याकाळपर्यंत सर्वे नंबर आला तर कागद बघायला लागा. नाही आला तर सोमवारी गोव्याच्या पार्टीला घेऊ द्या.